वाळूतील सूक्ष्मकण आणि जमिनीचे बळ

बंगळूर शहराच्या जुन्या छावणी भागात शिवाजीनगर नावाची एक गजबजलेली वस्ती आहे. पूर्वी तिला ब्लॅकपल्ली म्हणत. सतराव्या शतकात बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तेव्हा त्यांच्या पुत्राचे नाव या वस्तीला मिळाले याचे मराठी माणसाला अप्रूप वाटल्यास नवल नाही. रसेल मार्केटच्या गर्दीतून वाट काढणाऱ्याचे लक्ष सहसा पायांखालच्या जमिनीकडे जात नाही. परंतु गेल्या काही वर्षांत या जमिनीने स्वतःच डोके वर काढले आहे. भुयारी रेल्वेसाठी येथे खोल खोदकाम झाले, आणि 2021 सालच्या सप्टेंबरात ‘ऊर्जा’ नावाचे बोगदा खोदणारे यंत्र कॅन्टोन्मेंटकडून जमीन पोखरत शिवाजीनगर स्थानकाशी बाहेर पडले. बंगळूरच्या पोटात असे खोदकाम करणाऱ्यांना वर तांबडी रेताड माती, तिच्याखाली कुजलेला खडक आणि त्याखाली अखंड कातळ, असे थर भेटतात. हे थरही कुठे उथळ तर कुठे खोल.

यांतील तांबडी माती मुठीत घेऊन चुरडली, तर दोन गोष्टी हाताला जाणवतात. टोचणारे वाळूचे कण खाली गळतात आणि बोटांवर तांबूस धूळ राहून जाते. वाळू जमिनीला बळ देते आणि धूळ हा केवळ मळ आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती पूर्ण खरी नाही. ही धूळ जमिनीला कधी बळकटी आणते आणि कधी तिचा घात करते. ती केव्हा काय करील हे ओळखण्यावर वरील इमारतींची, आणि त्यांत राहणाऱ्या माणसांची, सुरक्षितता अवलंबून असते.

प्रथम या धुळीची ओळख करून घेतली पाहिजे. भारतीय मानकांनुसार 75 मायक्रॉनच्या, म्हणजे 0.075 मिलिमीटरच्या चाळणीतून जो भाग खाली पडतो, त्याला सूक्ष्मकण म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण एवढीच असते. या सूक्ष्मकणांच्याही दोन जाती आहेत. एक गाळाची. तिचे कण म्हणजे दगडाचेच बारीक पीठ. ते कोरडे असता भुरभुरतात, ओले केले तरी त्यांची गोळी नीट वळत नाही. दुसरी चिकणमातीची. तिचे कण दोन मायक्रॉनहूनही लहान, पत्र्यासारखे चपटे असून पाण्याला धरून ठेवणारे असतात. तिची गोळी वळते, वातही वळते, आणि कुंभाराच्या चाकावर ती हवा तो आकार घेते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच धुळीसारख्या दिसतात. त्यांचे गुण मात्र अगदी भिन्न आहेत.

बंगळूरच्या मातीत या दोन्ही जाती एकत्र नांदतात, याचे कारण त्या मातीच्या जन्मात आहे. लालबागेतील प्रसिद्ध टेकडी ज्या नाइस खडकाची आहे, त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे मानले जाते. ऊन, पाऊस आणि हवा यांच्या माऱ्याने हा खडक जागच्या जागी कुजतो. त्यातील गारगोटीचे कण झिजत नाहीत, त्यांची वाळू होते. फेल्स्पार नावाच्या खनिजाची चिकणमाती होते. आणि लोहाच्या गंजाने सर्वांना तांबडा रंग चढतो. नदीने वाहून आणलेल्या वाळूसारखी ही धुतलेली, निवडलेली माती नव्हे. आपल्या बापजाद्यांच्या घरातच राहिलेली ही माती होय, आणि म्हणून तिच्यात वाळूबरोबर सूक्ष्मकण असायचेच.

आता वाळूला बळ कोठून मिळते ते पाहू. सुट्या वाळूच्या कणांना एकमेकांशी जोडणारे काहीही नसते. वरच्या भाराने ते एकमेकांवर दाबले जातात, त्यामुळे त्यांच्यात घर्षण उत्पन्न होते, आणि तेवढ्याच बळावर वाळू भार पेलते. कणांमधील पोकळी पाण्याने भरली, की भाराचा काही वाटा पाणी उचलते. एक साधे गणित करून पाहावे. जमीन पाण्याने पृष्ठभागापर्यंत भरलेली आहे असे समजू. पाच मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरला वरच्या ओल्या वाळूचा भार सुमारे दहा टन होतो. त्यातील पाच टन तेथील पाण्याचा दाब पेलतो. उरलेले पाच टन कण एकमेकांवर टेकून पेलतात. वाळूचे सारे बळ या उरलेल्या पाच टनांत आहे. हे तत्त्व कार्ल टेरझागी या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात मांडले आणि त्यावरच आजच्या मृदाशास्त्राची उभारणी झाली.

भूकंपात नेमके या पाच टनांवर संकट येते. पायली हलवली की धान्य खाली बसते, तशी सैल वाळू हादऱ्याने खाली बसू पाहते. परंतु तिच्या पोकळ्यांत पाणी आहे, आणि काही सेकंदांच्या अवधीत त्याला निघून जायला वाट मिळत नाही. मग कणांवरचा भार पाण्यावर जाऊ लागतो. प्रत्येक हिसक्याबरोबर पाण्याचा दाब पाचाचा सहा, सहाचा सात असा चढत जातो. तो दहा टनांना पोहोचला की कणांच्या वाट्याला शून्य उरते. घर्षण संपते, आणि क्षणापूर्वी घर पेलणारी जमीन पातळ पिठल्यासारखी होते. यालाच द्रवीभवन म्हणतात.

दाट बसलेल्या वाळूची गोष्ट निराळी आहे. गिरगावच्या चौपाटीवर ओल्या वाळूत पाय टाकला, की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडल्यासारखी दिसते. दाट कणांना सरकायचे तर एकमेकांवर चढावे लागते. त्यामुळे पोकळी वाढते आणि वरचे पाणी आत शोषले जाते. अशी वाळू हादऱ्याने सहजासहजी पातळ होत नाही. सैलपणा, पाणी आणि हादरा, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय द्रवीभवन घडत नाही.

हे संकट कल्पनेतले नव्हे. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा गंगेच्या उत्तरेकडील मैदानात जमीन ठिकठिकाणी फाटून वाळू व पाणी यांचे कारंजे उडाले, शेतांवर वाळूचे थर पसरले आणि विहिरी वाळूने भरून गेल्या. 16 जून 1964 रोजी जपानमधील निगाता शहरात पक्क्या बांधणीच्या चारमजली चाळी, भिंतींना फारसे तडे न जाता, सबंधच्या सबंध आडव्या झाल्या. इमारती शाबूत राहिल्या, जमीन मात्र निघून गेली. 26 जानेवारी 2001 च्या कच्छ भूकंपात रणातून पाणी व वाळू उसळली आणि कांडला बंदरातील कचेरीचा मनोरा एका बाजूला कलला. उलटपक्षी, 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे दगावली, ती द्रवीभवनाने नव्हे. तेथे काळ्या खडकावर काळी चिकण जमीन होती. माणसे गाडली गेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. भूकंप सारखाच असला, तरी जमीन पाहून त्याचे रूप पालटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. अशा वाळूत सूक्ष्मकण मिसळले तर काय होते? पुष्कळ वर्षे याची उत्तरे परस्परविरोधी येत असत. एका प्रयोगशाळेत गाळ मिसळल्यावर वाळू दुबळी ठरे, तर दुसरीत बळकट ठरे. दोन्ही ठिकाणचे प्रयोग चोख होते. फरक होता तो तुलना करण्याच्या रीतीत. घरातील एका उदाहरणाने हे उलगडते.

एक पायली हरभऱ्यांनी भरावी. हरभरे एकमेकांना टेकलेले असतात, आणि त्यांच्यामध्ये फटी राहतात. आता त्यात वरून रवा ओतला. रवा फटींत जाऊन बसतो. हरभऱ्यांचा सांगाडा जसाच्या तसा राहतो आणि पायली अधिक भरीव होते. येथे रव्याने नुकसान काहीच केले नाही, झाला तर थोडा आधारच दिला. परंतु दुसरी रीत अशी, की पायलीतील एकूण वजन कायम ठेवायचे. म्हणजे काही हरभरे काढायचे आणि तेवढ्याच वजनाचा रवा घालायचा. पायलीतील एकूण पोकळी पूर्वीइतकीच राहिली, पण हरभरे कमी झाले आणि त्यांचा सांगाडा सैल पडला. रवा फटींत नुसता बसून आहे, भार उचलत नाही. अशी पायली हलवली तर ती आधीपेक्षा लवकर ढासळेल. गाळाने वाळू दुबळी होते असे म्हणणारे या दुसऱ्या रीतीने मोजत होते, बळकट होते म्हणणारे पहिल्या रीतीने. दोघेही खरे बोलत होते.

रवा वाढवत नेला तर आणखी एक गोष्ट घडते. एका मर्यादेनंतर रवा फटींत मावेनासा होतो. तो हरभऱ्यांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून दूर सारतो, आणि शेवटी रव्याच्या राशीत हरभरे सुटे सुटे रुतलेले दिसतात. आता भार रव्याचा सांगाडा पेलतो. तो जसजसा दाट होतो तसतसे बळ पुन्हा थोडे वाढू लागते. वाळूत ही मर्यादा वजनाने सर्वसाधारणपणे शेकडा 20 ते 40 च्या दरम्यान कुठे तरी येते; नेमकी कुठे, हे वाळूच्या व गाळाच्या कणांच्या आकारमानावर अवलंबून असते. बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत टी. जी. सीताराम व त्यांचे सहकारी यांनी कच्छच्या भूकंपानंतर वाळू आणि गाळ यांच्या मिश्रणांवर पुनःपुन्हा हिसके देऊन प्रयोग केले. गाळ वाढताना बळ आधी उतरते आणि मर्यादेपलीकडे गेल्यावर त्याची चाल बदलते, हे त्यांनाही दिसून आले.

सूक्ष्मकणांचे दुसरे काम पाण्याची वाट अडवण्याचे आहे. वाळूतून पाणी किती वेगाने झिरपते हे तिच्यातील बारीक कणांच्या आकारमानाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असा एक नियम अमेरिकन अभियंता ॲलन हेझन याने घालून दिला होता. म्हणजे बारीक कण दहापट लहान झाले, की झिरपण्याचा वेग शंभरपट उतरतो. म्हणून गाळमिश्रित वाळूत चढलेला पाण्याचा दाब लवकर ओसरत नाही. भूकंप थांबल्यानंतरही जमीन काही काळ दुबळीच राहते, आणि उतारावरील माती हादरे थांबल्यावरही घसरू शकते.

तिसरी बाब चिकटपणाची. सूक्ष्मकण चिकणमातीचे असतील, तर ते वाळूच्या कणांना लेपासारखे धरून ठेवतात. असे कण पुरेसे असले की मिश्रण मऊ पडेल, खचेल, पण सहसा द्रव होणार नाही. म्हणूनच 1975 व 1976 साली हाइचेंग आणि तांगशान येथे भूकंप झाले, तेव्हा चिनी अभ्यासकांनी बारीक चिकण कणांचे प्रमाण आणि मातीची ओल यांवरून कोणती जमीन सुरक्षित मानावी याचे ठोकताळे बसवले. ते पुढे जगभर वापरात आले. परंतु 17 ऑगस्ट 1999 रोजी तुर्कस्तानातील भूकंपात अदापाझारी शहराच्या गाळवट जमिनीवरील इमारती खचल्या आणि कलंडल्या. त्यांतील काही जमिनी जुन्या ठोकताळ्यांनी सुरक्षित ठरल्या असत्या. तेव्हापासून अभियंते कणांच्या लहानपणापेक्षा त्यांच्या चिकटपणाला अधिक महत्त्व देऊ लागले. कण कितीही बारीक असो, त्याची वात वळत नसेल तर त्याच्यावर विसंबता येत नाही, असा या अनुभवाचा सारांश सांगता येईल.

प्रत्यक्ष जागेवर जमिनीची परीक्षा घेताना हा सारा विचार उपयोगी पडतो. छिद्र पाडून त्यात एक जाड पोकळ नळी उभी करतात, आणि 63.5 किलोग्रॅमचे वजन 75 सेंटिमीटर उंचीवरून तिच्यावर पुनःपुन्हा पाडतात. नळी 30 सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले, त्या आकड्यावरून जमिनीचा घट्टपणा कळतो. वाळूत गाळ असला की नळी काहीशी सहज आत जाते. तेव्हा स्वच्छ वाळूत आणि गाळमिश्रित वाळूत ठोके सारखेच लागले, तर दुसरीचे खरे बळ पहिलीहून अधिक असते. अमेरिकेतील हॅरी बोल्टन सीड या प्राध्यापकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भूकंपग्रस्त जागांचे अनुभव गोळा करून 1985 साली सूक्ष्मकणांचे प्रमाण शेकडा 5, 15 व 35 असताना वापरावयाच्या वेगवेगळ्या रेषा आखून दिल्या. मात्र याचा अर्थ असा नव्हे, की गाळ घातल्याने जमीन सुधारते. ठोक्यांचा आकडा गाळामुळे फसवा होतो, आणि ती फसवणूक दुरुस्त करावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

ही सर्व तत्त्वे शिवाजीनगरच्या जमिनीला लावून पाहिली तर काय दिसते? बंगळूर 2002 सालच्या भारतीय मानकात भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे दुसऱ्या विभागात गणले गेले होते. परंतु 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाने द्वीपकल्पाचा कातळही अगदी निर्धास्त नाही, हा धडा दिला आहे. म्हणून विज्ञान संस्थेच्या पी. अन्बळगन व सीताराम यांनी बंगळूरच्या सुमारे 220 चौरस किलोमीटर क्षेत्राची, शेकडो छिद्रांच्या नोंदी जमवून, बारकाईने पाहणी केली. 5.1 प्रतीचा भूकंप झाल्यास काय होईल, याचा त्यांनी हिशेब मांडला. निष्कर्ष दिलासा देणारा होता, आणि सावध करणारा देखील. शहराचा बहुतेक भाग द्रवीभवनापासून सुरक्षित आहे. अपवाद त्या थोड्या जागांचा, जेथे वरचा थर रेताड गाळाचा असून पाणी उथळ आहे.

अशा जागा कोठे उद्भवतात याचा उलगडा बंगळूरच्या इतिहासात होतो. हे शहर तळ्यांचे होते. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मुख्य बस स्थानक आहे. शिवाजीनगरच्या नैऋत्येस असलेल्या संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण उभे आहे. आणि वस्तीच्या जवळच्या मिलर्स तळ्याचे केवळ नाव रस्त्याला उरले आहे. पावसाच्या पाण्याबरोबर तळ्याकडे वाहत येणारी माती वाटेत आपोआप निवडली जाते. जड वाळू काठाशी बसते आणि गाळ तळाशी निवळतो. टेकडीवर लोहाच्या लेपाने एकमेकांना धरून असलेले तेच कण येथे सुटे, सैल आणि ओले होतात. एकाच खडकाची लेकरे ती. पण एका ठिकाणी ती घर सावरतात आणि अर्ध्या कोसावर खालच्या जागी घर धोक्यात आणू शकतात. अशा प्रत्येक जागेवर द्रवीभवन होईलच असे नाही, पण तेथे पाया घालण्यापूर्वी खालचे थर व पाण्याची पातळी तपासणे हे कर्तव्यच ठरते.

भूकंपाची वाट न पाहताही ही तांबडी माती सूक्ष्मकणांच्या बळाची परीक्षा देत असते. उन्हाळ्यात तिच्यात खोदलेला चर सरळ भिंतीसारखा उभा राहतो, कारण सूक्ष्मकणांमधील ओलाव्याचे पातळ थर वाळूला एकमेकांकडे ओढून धरतात. हे बळ उसने असते. पावसाळ्यात पाणी शिरले की ती ओढ नाहीशी होते, आणि काल निश्चल उभी असलेली कड आज आत काम करणाऱ्या मजुरांच्या अंगावर कोसळू शकते. चराला लाकडी किंवा लोखंडी आधार देणे यात पैसा वाया जात नाही. ज्या बळाचा भरवसा नाही, त्याच्या जागी भरवशाचे बळ उभे केले जाते.

उपायांची निवडही सूक्ष्मकण पाहूनच करावी लागते. स्वच्छ सैल वाळू कंपनयंत्राने हलवून दाट करता येते. पण सूक्ष्मकण शेकडा 15–20 च्या वर गेले, की पाणी बाहेर पडत नाही आणि नुसत्या कंपनाने वाळू बसत नाही. मग जमिनीत खडीचे खांब रोवतात. ते भार पेलतात आणि पाण्याला निघायला वाटही देतात. याशिवाय भूजलाची पातळी उतरवणे, किंवा पाया दुबळा थर ओलांडून खालच्या खडकापर्यंत नेणे, असेही मार्ग आहेत.

घर बांधणारा माणूस विटा पारखून घेतो, सिमेंटचे पोते पाहून घेतो, वाळूत माती किती आहे हे तळहातावर चोळून पाहतो. ज्या जमिनीवर हे सारे उभे राहायचे तिचीही एवढीच विचारपूस व्हायला हवी. तिच्यात धूळ किती आहे हे विचारून भागत नाही. ती धूळ गाळाची की चिकणमातीची, वाळू दाट की सैल, आणि पाणी किती खोल, हेही विचारले पाहिजे. या प्रश्नांची उत्तरे मिळवायला थोडी छिद्रे, थोडे ठोके आणि थोडे दिवस लागतात. केसाच्या जाडीहून लहान असलेल्या कणांची एवढी चौकशी का करायची, असे कोणी म्हटले, तर निगातातील त्या आडव्या पडलेल्या चाळी त्याला उत्तर देतील. त्यांच्या भिंतींत खोट नव्हती. खोट होती ती पायांखालच्या सैल, पाणथळ वाळूत, आणि तिची विचारपूस कोणी वेळेवर केली नव्हती.